लंकेस जाऊन पाली आणणारे धर्मानंद

परकी भाषा माणसाच्या घरात दोन वाटांनी येते. पहिली वाट सत्तेची. राज्यकर्ता जी भाषा दरबारात बोलतो ती शिकल्यावाचून प्रजेचे चालत नाही. अर्ज, फिर्याद, नोकरी, सारे तिच्यावर अवलंबून असते. दुसरी वाट जिज्ञासेची. या वाटेने भाषा आपल्याकडे येत नाही, आपणच तिच्याकडे जावे लागते. घर सोडावे लागते, परक्या ताटातले अन्न खावे लागते, आणि वयाने वाढलेल्या माणसाला पुन्हा बाळबोध अक्षरे गिरवावी लागतात.

पहिल्या वाटेची ओळख आपल्या परभणीकरांस कोणी करून द्यावयास नको. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राज्यात १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही दरबारची भाषा झाली आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतूनच देण्यात येऊ लागले. गोदाकाठच्या मराठी घरातील मुलास गाव न सोडताही परक्या भाषेच्या मुलखात पाऊल टाकावे लागे. हा इतिहास आपल्या घराघरांतून सांगितला जातो, आणि तो सांगितला जावा हेच योग्य. तथापि दुसऱ्या वाटेने गेलेल्यांची कथा आपल्या मुलांच्या कानी फारशी पडत नाही. आज आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांची मुले-मुली शिक्षणासाठी परदेशी जात आहेत. अशा वेळी ती कथा सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

विद्येसाठी दूरदेशी जाण्याची परंपरा गोदातीरास नवी नाही. ‘सुत्तनिपात’ या अतिप्राचीन बौद्ध ग्रंथात बावरी नावाच्या एका ब्राह्मण आचार्याची हकीकत आली आहे. कोसल देश सोडून तो दक्षिणापथात आला व अस्सक आणि अळक यांच्या प्रदेशात गोदावरीच्या काठी आश्रम करून राहिला. उतारवयात त्याने आपले सोळा शिष्य बुद्धाकडे प्रश्न विचारण्यास पाठविले. ते प्रथम प्रतिष्ठानास, म्हणजे आपल्या पैठणास गेले. तेथून माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती असे मजल-दरमजल करीत ते मगध देशी पोहोचले. अस्सकांची राजधानी पोतन म्हणजे निजामाबादकडील बोधन होय असे बऱ्याच विद्वानांचे मत आहे. ते ग्राह्य धरले तर पैठण आणि बोधन यांच्या मधला आपला गंगाखेडचा गोदाकाठ या कथेच्या अंगणातच येतो.

त्यानंतर कित्येक शतकांनी नामदेव महाराज उत्तरेस गेले. परंपरेने त्यांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी हे गाव १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात मोडत असे. पंजाबातील घुमान येथे त्यांचे दीर्घ वास्तव्य झाल्याचे परंपरा सांगते, आणि १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात, म्हणजे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात, त्यांच्या नावाची ६१ पदे आहेत. ती पदे मराठीत नाहीत, उत्तरेकडील लोकभाषेत आहेत. मराठी मुलखातला संत परमुलखी गेला आणि तेथील लोकांशी त्यांच्या बोलीत बोलला, म्हणूनच तो त्यांचाही झाला.

आता येथे एक प्रश्न उभा राहतो. बावरीच्या कथेत आपल्या गोदावरीचे नाव आहे, पैठणचे नाव आहे. मग ती आपल्या आजोबा-पणजोबांस ठाऊक का नव्हती? कारण ती पाली भाषेत आहे, आणि भारतवर्षात जन्मलेली ही भाषा भारतातूनच नाहीशी झाली होती. तिचे ग्रंथ सिंहलद्वीप, ब्रह्मदेश व सयाम या देशांतील विहारांत राहिले होते. आपल्याच घरची ठेव परक्याच्या कोठारात असावी, आणि तिच्या पेटीवर लिहिलेली अक्षरेही आपल्याला वाचता येऊ नयेत, अशी ही स्थिती होती. ती ठेव मराठीत परत आणण्यासाठी जो मनुष्य सर्वस्व सोडून निघाला त्याचे नाव धर्मानंद कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. घरची स्थिती बेताची होती आणि शाळेतील शिक्षण अल्पस्वल्प मराठीपुरतेच झाले. तत्कालीन रूढीप्रमाणे वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांचा विवाह बाळाबाई यांच्याशी झाला. शेती व नारळीची बाग पाहावी आणि संसार करावा, एवढेच आयुष्य त्यांच्यापुढे होते. अशा स्थितीत ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्रावरील एक लेख त्यांच्या हाती पडला, आणि या महापुरुषाचा धर्म मुळातून जाणून घ्यावा असा त्यांस ध्यास लागला. एका मासिकातील चार पानांनी एका मनुष्याच्या आयुष्याची दिशा बदलावी, ही गोष्ट छापील शब्दाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. मागे पत्नी होती आणि तान्ही मुलगी होती. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याकडून त्यांस मार्गदर्शन मिळाले. पुढे संस्कृत शिकण्यासाठी ते काशीस गेले आणि अन्नछत्रात जेवून तेथील शास्त्र्यांपाशी त्यांनी अध्ययन केले. तथापि काशीत संस्कृत होते, बुद्ध नव्हता. त्याच्या शोधार्थ ते १९०२ च्या आरंभी नेपाळात गेले. तेथे त्यांची निराशा झाली. बोधगयेस आल्यावर मात्र बौद्ध ग्रंथांचे अध्ययन करावयाचे तर सिलोनास गेले पाहिजे, हे त्यांस उमगले. कलकत्त्याच्या महाबोधि सभेच्या मंडळींचे साह्य घेऊन त्याच वर्षी ते कोलंबोस पोहोचले.

समुद्र ओलांडून आलेल्या या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याजवळ काय होते? इंग्रजीचे जुजबी ज्ञानही त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नानेच मिळविले. सिंहली भाषा त्यांस येत नव्हती. पाली ज्या लिपीत लिहिलेली होती ती लिपीही अनोळखी होती. जवळ होती ती केवळ काशीस मिळविलेली संस्कृताची शिदोरी. परंतु तीच कामास आली. कोलंबोतील विद्योदय परिवेण हे हिक्कडुवे श्रीसुमंगल महास्थविर यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेले मोठे विद्यापीठ होय. तेथे पालीबरोबर संस्कृतचेही अध्ययन चाले. महास्थविरांनी या परदेशी विद्यार्थ्यास आश्रय दिला, दीक्षा दिली आणि पालीच्या अभ्यासाचा मार्ग दाखविला.

पालीचे एक वैशिष्ट्य वाचकांनी येथे लक्षात घ्यावे. तिला स्वतःची अशी लिपी नाही. सिलोनात ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या गोलाकार अक्षरांत, सयामात तेथील अक्षरांत. आणि १८८१ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या पाली टेक्स्ट सोसायटीने ती रोमन अक्षरांत छापण्यास आरंभ केला. सयामच्या राजाने १८९३ मध्ये त्रिपिटक सयामी अक्षरांत छापवून घेतले. देवनागरीत मात्र ते नव्हते. म्हणून पाली शिकू इच्छिणाऱ्या मराठी मनुष्यास भाषेआधी परक्या लिपीचा उंबरठा ओलांडावा लागे.

लिपीचा पडदा दूर होताच मात्र एक नवल दिसे. पालीत हाताला ‘हत्थ’ म्हणतात, साताला ‘सत्त’, आठाला ‘अट्ठ’, आजला ‘अज्ज’ आणि कामाला ‘कम्म’. घराला तर ‘घर’च म्हणतात. मराठीची आई महाराष्ट्री प्राकृत मानली, तर पाली ही तिची मावशी ठरते. सातासमुद्रापलीकडे शोधावयास जावे आणि घरच्याच माणसाचा चेहरा दिसावा, असा तो अनुभव असला पाहिजे. संस्कृत जाणणारा विद्यार्थी पालीत वेगाने प्रगती करतो याचेही कारण हेच होय.

धर्मानंदांच्या आधी सुमारे पंधराशे वर्षे असाच एक विद्यार्थी त्याच बेटावर उतरला होता. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष भारतातून अनुराधपूरच्या महाविहारात गेले. त्या काळी त्रिपिटकावरील प्राचीन टीका सिंहली भाषेत होत्या. बुद्धघोषांनी त्यांचे अध्ययन केले आणि त्यांतील अर्थ पालीत उतरविला, जेणेकरून तो सिंहलद्वीपाबाहेरील भिक्षूंसही कळावा. तेथेच त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा थोर ग्रंथ रचला. बुद्धघोषांनी सिंहलीतून पालीत आणले. धर्मानंदांनी पालीतून मराठीत आणले. पुढे धर्मानंदांच्या आयुष्याची कितीतरी वर्षे याच ‘विसुद्धिमग्गा’च्या संशोधनात गेली, हा योगायोग मोठा हृद्य आहे.

सिलोनानंतर धर्मानंद ब्रह्मदेशास गेले. तेथील विहारांत त्यांनी अध्ययन व ध्यानाभ्यास केला, ब्रह्मी लिपीतील ग्रंथ वाचले आणि उत्तर भारतातील बौद्ध तीर्थांचे पायी दर्शन घेतले. घर सोडल्यापासून जवळजवळ सात वर्षांनी, १९०६ मध्ये, ते पुन्हा आपल्या माणसांत आले. या सात वर्षांचा जमाखर्च मांडताना बाळाबाईंचे नाव विसरून चालणार नाही. पती कोठे आहे, परत येईल की नाही, हे ज्ञात नसताना मुलीस वाढवीत त्यांनी ती वर्षे काढली. विद्येसाठी जाणाऱ्याचे कौतुक होते. परंतु त्या विद्येची किंमत मागे राहणारेही मोजीत असतात.

परत आल्यावर कलकत्त्यास त्यांनी पालीचे अध्यापन आरंभिले. तेथे मान होता, वेतन होते आणि पुढे वाढण्याची आशाही होती. तथापि ज्या महाराष्ट्रासाठी आपण हे ज्ञान मिळविले त्यास त्याचा उपयोग होत नाही, ही टोचणी त्यांच्या मनास होती. अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी एक प्रस्ताव ठेवला. धर्मानंदांनी महाराष्ट्रात कोठेही राहावे. त्यांस मासिक ५० रुपये देण्यात येतील. त्यांनी ग्रंथ लिहून द्यावेत. कलकत्त्याच्या प्राप्तीपुढे ही रक्कम अगदी थोडी होती. धर्मानंदांनी ती स्वीकारली आणि कलकत्ता सोडले. आमच्या मते धर्मानंदांचे खरे मोठेपण सिलोनास जाण्यात जितके आहे, तितकेच किंबहुना त्याहून अधिक या परत येण्यात आहे.

या निर्णयाची फळे मराठीस लवकरच मिळू लागली. बडोद्यास दिलेल्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० मध्ये निघाले. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या प्रयत्नाने ते अमेरिकेस गेले. हेन्री क्लार्क वॉरन या दिवंगत पंडिताने अर्धवट ठेवलेल्या ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचे काम त्यांच्याकडे आले. त्यासाठी ते एकूण चार वेळा अमेरिकेस गेले. ती आवृत्ती अखेर त्यांच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये हार्वर्डच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. देवनागरी ‘विसुद्धिमग्ग’ मात्र त्यांनी १९४० मध्येच मुंबईस भारतीय विद्याभवनाकडून प्रसिद्ध केला होता. परदेशी पंडितांसाठी रोमन अक्षरे, स्वदेशी विद्यार्थ्यांसाठी देवनागरी, असे हे दुहेरी काम होते.

१९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांच्यासारखे पालीचे नामांकित पंडित त्यांच्याच हाताखाली तयार झाले. ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘समाधिमार्ग’, ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’, ‘भगवान बुद्ध’ असे ग्रंथ एकामागून एक मराठीत आले. ‘निवेदन’ या १९२४ मधील आत्मकथनात त्यांनी आपल्या प्रवासाची हकीकत साध्या, निरलंकार मराठीत सांगितली आहे. १९२९ मध्ये ते लेनिनग्राडला गेले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला आणि जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला.

त्यानंतर नऊच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. बुद्ध कोण, त्याने काय सांगितले, हे मराठीतून वाचू इच्छिणाऱ्या त्या नव्या वाचकास धर्मानंदांची पुस्तके तयार मिळाली. नालंदा येथून देवनागरी त्रिपिटकाचे ४१ खंड निघाले तेही १९५६ नंतरच. म्हणजे एका विद्यार्थ्याने १९०२ मध्ये परक्या बेटावर गिरविलेली अक्षरे अर्धशतकानंतर अशा लोकांच्या उपयोगी पडली, ज्यांची त्यास त्या वेळी कल्पनाही नव्हती. विद्येचे बी असेच असते. पेरणाऱ्याच्या हयातीतच पीक येईल असा नेम नसतो.

आता पुन्हा आपल्या मराठवाड्याकडे वळू. सत्तेच्या वाटेने आलेल्या उर्दूविषयी आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात कडवटपणा राहिला असल्यास तो समजण्यासारखा आहे. परंतु दोष भाषेचा नव्हता. मातृभाषेचे दार बंद करणाऱ्या सक्तीचा होता. म्हणूनच परभणीच्या मुलखातून पुढे आलेल्या केशवराव कोरटकरांसारख्या पुरुषांनी हैदराबादेत विवेकवर्धिनीसारखी शाळा उभारून मराठीचे दार उघडे ठेवले. उर्दूचा द्वेष करीत ते बसले नाहीत. उलट त्याच राज्याच्या दुसऱ्या एका गोष्टीपासून धडा घेण्यासारखा आहे. उस्मानियात उर्दूतून शिकवावयाचे ठरताच १९१७ मध्ये एक भाषांतर विभाग स्थापन करण्यात आला आणि शास्त्रे, कायदा, वैद्यक, इतिहास यांवरील ग्रंथ उर्दूत उतरविण्याचे काम सुरू झाले. भाषा फर्मानाने मोठी होत नाही, भाषांतरकारांच्या कष्टाने होते, हे त्या विभागाने दाखविले.

आणि सक्तीने शिकलेल्या भाषेचेही सोने करता येते, याचा दाखला सेतुमाधवराव पगडी यांनी घालून दिला. १९१० मध्ये निलंगा येथे जन्मलेल्या या मराठवाड्याच्या सुपुत्राने हैदराबाद राज्याच्या सेवेत असता उर्दू व फारसी आत्मसात केली. इतकेच नव्हे, तर गोंडांच्या मुलखात राहून गोंडी भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. पुढे मोगल दरबारची बातमीपत्रे व फारसी इतिहासग्रंथ त्यांनी मराठीत आणले. मराठ्यांच्या शत्रूंच्या लेखण्यांनी मराठ्यांविषयी काय लिहून ठेवले आहे, हे मराठी वाचकास त्यांच्यामुळे कळले. धर्मानंद जिज्ञासेच्या वाटेने गेले, पगडींस भाषा सत्तेच्या वाटेने भेटली. पण दोघेही शेवटी एकाच ठिकाणी येऊन पोहोचले. दोघांनीही जे घेतले ते आपल्या भाषेत परत दिले.

शास्त्रकारांनी देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. त्यांपैकी ऋषिऋण अध्ययनाने फिटते असे म्हणतात. आम्हांस वाटते की परभाषेच्या विद्यार्थ्यास ते केवळ अध्ययनाने फिटत नाही. जे वाचले ते आपल्या माणसांस वाचावयास दिले म्हणजे फिटते.

ज्ञातिबंधू-भगिनींनो, आज आपली मुले जर्मनी, जपान, फ्रान्स अशा देशांत जातात. तेथील भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज बहुधा तेथे नीट शिकता येत नाही वा राहता येत नाही. म्हणून ती भाषा ती शिकतातही. पण पुष्कळदा ती भाषा प्रवेशपत्रापुरती राहते. नोकरी लागली की शब्दकोश कपाटात जातो. ज्या भाषेत गटे लिहीत होता, ज्या भाषेत बाशो लिहीत होता, ती भाषा मुळातून वाचू शकणारा मुलगा वा मुलगी आपल्या परभणीच्या एखाद्या घरात असावी, आणि आपल्या शेजाऱ्यास त्याचा पत्ताही नसावा, ही स्थिती आपण चालू द्यावी काय?

आमची सूचना अगदी साधी आहे. आपले मंडळ विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती वा परतफेडीचे साह्य देते, तेव्हा रकमेच्या हप्त्यांबरोबर एक हप्ता भाषेचाही मागावा. परदेशी गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्या देशाच्या भाषेतील एखादी लहानशी गोष्ट, एखादा शेतीविषयक वा आरोग्यविषयक लेख, इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून थेट मराठीत आणावा आणि तो या वार्षिक स्मरणिकेसाठी पाठवावा. चार पाने पुरेत. ‘बालबोधमेव्या’तील चार पानांनी काय केले ते आपण वर पाहिलेच. आणि मुले जाण्यापूर्वी आईवडिलांनी त्यांचे मराठी पक्के करून घ्यावे. कारण ज्यास आपल्या भाषेत लिहिता येत नाही तो परक्या भाषेतून काय आणील आणि कोठे ठेवील?

बावरीचे सोळा शिष्य प्रश्न घेऊन गोदाकाठाहून निघाले, आणि त्यांपैकी पिंगिय हा वृद्ध शिष्य आपल्या गुरूकडे परत येऊन सर्व वृत्तांत सांगू लागला, असे ‘सुत्तनिपाता’त म्हटले आहे. तो परत आला नसता तर बावरीस उत्तर कळले नसते. आपल्या मुलांनी दूरवर जावे, खुशाल जावे. परंतु त्यांचा वृत्तांत गोदाकाठी पोहोचावा आणि तो मराठीत पोहोचावा, एवढीच आमची इच्छा आहे.